उताराच्या जागेवर घर: जेसीबी बोलावण्याआधी ठरवायच्या गोष्टी

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा: रत्नागिरी तालुक्यात आपली सहा गुंठ्यांना किंचित कमी अशी बिनशेती जागा आहे, रुंदी २० मीटर, लांबी ३० मीटर. पूर्वेच्या, म्हणजे वरच्या अंगाने गावचा रस्ता जातो आणि तिथून जमीन पश्चिमेकडे उतरत जाते. रस्त्याकडची हद्द आणि मागची हद्द यांच्या पातळीत साडेचार मीटरचा फरक आहे. आई-वडील वर्षातले बरेच महिने तिथे राहणार आहेत, आपण सुट्टीत जाणार आहात, आणि दोन झोपण्याच्या खोल्यांचे कौलारू बैठे घर हवे आहे. ठेकेदाराचे म्हणणे असे की, पाऊस सुरू होण्याआधी जेसीबी लावून सगळी जागा एका पातळीत आणावी, मागे भिंत घालावी आणि मग सपाट जागेवर हवा तसा नकाशा काढावा. तसे करावे का, एवढेच आपण विचारले आहे.

करू नये. आणि का करू नये, हे आकड्यांतच पाहणे बरे, कारण 'उताराचा मान राखावा' असे नुसते म्हटले तर तो सौंदर्यदृष्टीचा सल्ला वाटतो. प्रत्यक्षात तो पैशाचा आणि पाण्याचा हिशेब आहे.

तीस मीटरमध्ये साडेचार मीटर म्हणजे १५ टक्के, साधारण १:६.७ असा उतार. जागा मधल्या पातळीला आणायची तर रस्त्याकडच्या टोकाला सव्वादोन मीटर खोल कापावे लागेल आणि मागच्या टोकाला सव्वादोन मीटर भराव घालावा लागेल. खोदाईचे आकारमान सुमारे ३४० घनमीटर, म्हणजे १२० ब्रासच्या आसपास होते, आणि खणलेली माती फुगत असल्यामुळे हलवायचा ढीग त्याहून मोठा असतो. इथवरचा खर्च ठेकेदार सांगतो. तो सांगत नाही ते पुढचे आहे: मागे २० मीटर लांबीची, सव्वादोन मीटर भराव तोलणारी भिंत, पुढे तितक्याच लांबीची दुसरी भिंत, जी थेट सार्वजनिक रस्त्याला आधार देणार, आणि दोन्ही बाजूंच्या हद्दींवर पुढे नि मागे उंच, मध्ये शून्यावर येणाऱ्या भिंती, कारण शेजाऱ्याची जमीन मूळ उतारावरच राहते. रस्त्याच्या पायथ्याशी सव्वादोन मीटर कापल्यानंतर त्या रस्त्यावरून चिऱ्यांनी (जांभ्याच्या घडीव दगडांनी) भरलेला ट्रक जाणार असतो, हा विचार नकाशावर कुठेच दिसत नाही. शिवाय एवढे सगळे करून घराचा मागचा अर्धा भाग भरावावर येतो, आणि पाया भरावावर ठेवता येत नसल्यामुळे तिथले खड्डे भरावाच्या खाली मूळ जमिनीपर्यंत न्यावेच लागतात. सपाटीकरणाने पाया स्वस्त होतो, ही समजूत उतारावर बहुधा उलटी ठरते.

आता त्याच जागेवर घर आडवे ठेवून पाहा. घराची लांब बाजू समपातळी रेषेला (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेला) समांतर, म्हणजे आपल्याकडे उत्तर-दक्षिण. घर १४ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद, जवळपास हजार-साडेदहाशे चौरस फूट. सात मीटरच्या रुंदीत जमीन १.०५ मीटर उतरते. हेच घर उभे ठेवले, म्हणजे लांब बाजू उताराच्या दिशेने नेली, तर १४ मीटरमध्ये फरक २.१० मीटर होतो आणि केवळ दिशा बदलल्यामुळे खोदाई दुप्पट होते. उताराच्या जागेवर इतका मोठा फरक पाडणारा आणि इतका फुकटचा निर्णय दुसरा नाही, आणि तो नकाशाची पहिली रेघ ओढण्यापूर्वीच घ्यावा लागतो.

त्यापुढची पायरी म्हणजे घराचे जोतेच दोन पातळ्यांत तोडणे. समजा घराची पूर्वेची भिंत रस्त्यापासून सात मीटरवर आहे. तिथली जमीन रस्त्यापेक्षा १.०५ मीटर खाली असेल. तिच्यावर ४५ सेंटिमीटरचे जोते धरले तर घरातली फरशी रस्त्यापेक्षा ६० सेंटिमीटर खाली येते. सगळे घर याच पातळीवर ठेवले तर पश्चिमेच्या बाजूला जोते दीड मीटर उंच होते. तेच घर मधोमध, साडेतीन मीटरवर तोडून मागचा अर्धा भाग साडेबावन्न सेंटिमीटर खाली घेतला, म्हणजे साडेसतरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या, तर प्रत्येक भागाचे जोते पुढे ४५ सेंटिमीटर आणि मागे एक मीटरच्या आत राहते. पायाचे चर सोडल्यास डोंगर कुठेच कापावा लागत नाही. आपल्या जुन्या घरांत खळ्यातून पडवीत, पडवीतून ओटीवर, ओटीवरून माजघरात जाताना दरवेळी एखादी पायरी चढावी लागते, त्यामागे मर्यादा आणि मान यांचा विचार होता तसा जमिनीचाही होता.

मात्र तीन पायऱ्या घरात आणल्या की आई-वडिलांचा प्रश्न येतो, आणि तो मोठा आहे. दहा पायऱ्यांचा जिना माणूस सावधपणे उतरतो. दोन-तीन पायऱ्यांवर तो पडतो, कारण त्या लक्षात राहत नाहीत. म्हणून वरच्या पट्ट्यात, प्रवेशाच्या पातळीवरच, बैठकीची ओटी, देवघर, स्वयंपाकघर, आई-वडिलांची खोली आणि तिला लागून न्हाणीघर-शौचालय असे सगळे बसवावे, जेणेकरून त्यांना दिवसभरात एकही पायरी उतरण्याची गरज पडू नये. खालच्या पट्ट्यात दुसरी खोली, पाहुण्यांची मोठी बैठक आणि पश्चिमेची पडवी. पायऱ्या एकाच ठिकाणी, पूर्ण रुंदीच्या, हाताला कठडा असलेल्या आणि फरशीपेक्षा वेगळ्या रंगाच्या दगडाच्या कराव्यात. पुढेमागे चाकाची खुर्ची लागलीच तर रस्त्यापासून दारापर्यंतच्या ६० सेंटिमीटरसाठी १:१२ प्रमाणे ७.२ मीटर लांबीची उतरण लागते. ती सरळ बसणार नाही, पण पुढच्या अंगणातून बाजूने वळवून नेली तर आरामात बसते. तिची जागा आत्ताच मोकळी ठेवा.

गाडी खाली नेऊ नका. रस्ता वरच्या अंगाला असणे ही या जागेची जमेची बाजू आहे. गाडी रस्त्याच्या पातळीवरच, साडेपाच मीटर खोल आणि सहा मीटर रुंद अशा कट्ट्यावर थांबेल. त्या कट्ट्याच्या घराकडच्या टोकाला जेमतेम ८०-८५ सेंटिमीटरची दगडी भिंत लागेल आणि या जागेवर मला मान्य असलेला बाहेरचा भराव तेवढाच. घराच्या मागे गाडी न्यायची म्हटली तर १:८ पेक्षा तीव्र रस्ता शेवाळलेल्या पावसाळ्यात त्रास देतो, आणि तो बाजूच्या तीन मीटरच्या मोकळ्या पट्टीत बसवताना पुन्हा कापाकापी आलीच.

हे सगळे मी सरळ, एकसारखा उतार धरून मांडले. खरी जमीन तशी नसते, म्हणून आधी मोजणी. इथे दोन वेगळ्या मोजण्या आहेत आणि लोक त्यांत गल्लत करतात. पहिली भूमी अभिलेख कार्यालयाची हद्द कायम करणारी मोजणी. ती झाल्याशिवाय हद्दीजवळ एकही भिंत घालू नये, कारण भिंतीचा पाया तिच्या जाडीपेक्षा रुंद असतो आणि तो शेजाऱ्याच्या जमिनीत गेल्याचे भांडण फार वर्षे चालते. दुसरी पातळ्यांची मोजणी. ती टोटल स्टेशनने (अंतर आणि कोन मोजणाऱ्या यंत्राने) करून घ्यावी, अर्ध्या मीटरच्या अंतराने समपातळी रेषा काढून घ्याव्यात आणि त्याच नकाशावर झाडे, कातळाचे उघडे भाग, जुने गडगे (दगडी बांध), शेजारची विहीर, रस्त्याच्या गटाराची पातळी आणि रस्त्याखालून पाणी नेणारी मोरी दाखवायला सांगावे. या शेवटच्या दोन गोष्टी सर्व्हेअर मागितल्याशिवाय देत नाही.

सर्व्हेअर येण्याआधी आपल्याला स्वतः अंदाज घ्यायचा असेल तर गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पुरते. पंधरा-वीस मीटर नळी, दोन सरळ काठ्या, टेप. नळीत पाणी भरताना एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्या टोकाने ओढून घ्यावे आणि पूर्ण नळी हाताखालून सरकवत बुडबुडा राहिला नाही याची खात्री करावी. एवढासा बुडबुडा राहिला तरी पातळी काही सेंटिमीटरने चुकते. दोन्ही टोके शेजारी धरून पाणी एका रेषेत येते का, हे आधी पाहावे, मग एक माणूस वर आणि एक खाली. काठीवरच्या दोन उंचींतला फरक म्हणजे जमिनीचा फरक. दर तीन मीटरवर असे वाचन घेतले की उतार कुठे मंद आहे आणि कुठे एकदम तुटतो ते कळते. बहुतेक जागांत घरासाठी एक स्वाभाविक सपाटसर पट्टा सापडतो. घर तिथे सरकवले की वर दिलेले आकडे आणखी कमी होतात.

उताराच्या प्रमाणाला कायद्याचीही बाजू आहे. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत १:५ किंवा त्याहून तीव्र उताराच्या डोंगरजमिनीवरील बांधकामावर निर्बंध आहेत. आपली सरासरी त्यापेक्षा सौम्य आहे, पण मागच्या भागात उतार तुटक असेल तर समपातळी रेषांचा नकाशा जोडून परवानगीचा अर्ज करावा, म्हणजे प्रश्न कार्यालयातच मिटतो. (गोव्यात जागा असती तर नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ प्रमाणे डोंगर कापण्यासाठी मुख्य नगरनियोजकांची लेखी परवानगी लागली असती, तिकडे जागा घेणाऱ्या मराठी मंडळींना हे बहुधा जेसीबी थांबवल्यावर कळते.) खोदलेली माती किंवा चिरा जागेबाहेर न्यायचा झाल्यास गौण खनिजाची परवानगी आणि स्वामित्वधन यांची चौकशी तहसील कार्यालयात आधीच करावी.

आता जमिनीच्या आतले. आपल्या भागात वर जांभा आणि त्याच्या खाली पांढुरकी-पिवळसर, कधी गुलाबीसर मऊ माती असा थर पुष्कळ ठिकाणी असतो. जांभा सच्छिद्र, पावसाचे पाणी त्यातून सरळ खाली उतरते आणि त्या मऊ मातीवर अडून उताराच्या दिशेने आडवे वाहू लागते. कोरड्या दिवसांत जांभ्याची उभी कापणी भिंतीसारखी उभी राहते, आणि ठेकेदार तिच्याकडे बोट दाखवून 'हा कातळ आहे साहेब, भिंतीची गरजच नाही' असे म्हणतो. कापणी जांभ्यातच संपली असेल तर तो काही अंशी बरोबरही असतो. पण कापणी खालच्या मऊ थरापर्यंत गेली असेल तर जुलैत तो थर पाण्याने भिजून पायथ्यातून निसटतो आणि वरचा कातळ तुकड्या-तुकड्यांनी खाली येतो. म्हणून तीन चाचणी खड्डे घ्या: घराच्या वरच्या कडेला, खालच्या कडेला आणि मागच्या हद्दीजवळ, प्रत्येकी दोन-अडीच मीटर खोल किंवा घट्ट कातळ लागेपर्यंत. खड्ड्याच्या बाजूंवर थर स्पष्ट दिसतात. कोणता थर किती खोल, माती बोटांत चिकटते की भुरभुरते, ओल कुठून सुरू होते, याचे फोटो टेप लावून काढून ठेवा. पाया कितीवर न्यायचा हे त्यावरून ठरते, शेजाऱ्याने किती खणले त्यावरून नव्हे.

शक्य असेल तर एक पावसाळा जागा नुसती पाहा. ऑगस्टमध्ये, दोन दिवस पाऊस थांबल्यानंतर जाऊन पाहिले की पाणी कुठे पाझरते आहे ते कळते. जिथे अळू आणि नेचे दाट माजलेले दिसतात तिथे पाणी वरचेवर असते. झाडांचे बुंधे तळाशी उताराकडे वाकून मग सरळ झालेले, कुंपणाचे खांब एकाच दिशेला कललेले, जमिनीत उताराला आडव्या भेगा, अशा खुणा दिसल्या तर माती हळूहळू सरकते आहे असे समजावे आणि भूगर्भतज्ज्ञाला दाखविल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्या जागेच्या वर, रस्त्यापलीकडे, डोंगर किती उंच आणि किती तीव्र आहे तेही पाहा. माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी, तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी आणि इर्शाळवाडीत १९ जुलै २०२३ च्या रात्री आलेली दरड वस्तीच्या जागेत सुरू झालेली नव्हती; ती वरून आली. आपल्या भूखंडात आपण कितीही काळजी घेतली तरी वरच्या डोंगराचे उत्तर त्यात नसते.

पाण्यावर मी सर्वांत जास्त वेळ देतो. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो चार महिन्यांत पडतो. समजा रस्त्यापलीकडच्या वीस गुंठ्यांचे पाणी आपल्याकडे उतरते. तासाला १०० मिलिमीटरची सर धरली आणि निम्मे पाणी जमिनीत मुरले असे मानले तरी सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी आपल्या वरच्या हद्दीवर येऊन थडकते. ते घरापर्यंत येऊ द्यायचे नाही. वाहनतळाच्या कट्ट्याच्या आणि घराच्या मध्ये, घराच्या पूर्ण लांबीच्या पलीकडेपर्यंत, ३०० बाय ३०० मिलिमीटरची बांधीव चर काढून तिला शंभराला एक असा उतार द्यावा. हिशेबाने याहून लहान चरही चालते, पण आंब्याची पाने आणि वाहून आलेली माती हिशेबात नसते. चर दोन्ही बाजूंनी घराला वळसा घालून खाली न्यावी आणि खाली नेताना पायऱ्या-पायऱ्यांची करावी, म्हणजे पाण्याचा वेग मोडतो. पाणी शेवटी शेजाऱ्याच्या आगरात सोडून देता येणार नाही; ते नैसर्गिक वहाळापर्यंत किंवा रस्त्याच्या मोरीपर्यंत कसे जाणार हे नकाशावर दाखविलेले असले पाहिजे. वळचणीसह छप्पर १४० चौरस मीटर धरले तर त्याच सरीत तासाला १४ हजार लिटर पागोळ्यांतून पडतात. उताराकडच्या बाजूने हे पाणी जोत्याच्या पायथ्याशी थेट पडत राहिले तर दोन-चार पावसाळ्यांत पायाच्या बाजूची माती निघून जाते. तिथे पन्हळ लावून पाणी नळाने चरीत नेणे किंवा पागोळीखाली मीटरभर रुंद दगडी फरसबंदी करणे, यांपैकी एक हवेच.

ज्यांना कापणी टाळता येत नाही त्यांच्यासाठी एक नियम: डोंगराची कापलेली बाजू हीच घराची भिंत करू नये. मध्ये किमान एक मीटरची उघडी बोळ सोडावी, तिच्यात चर असावी आणि माणूस आत जाऊन ती साफ करू शकेल एवढी ती रुंद असावी. जागा वाचवण्यासाठी भिंत थेट मातीला लावलेल्या एका घरात मी पाहिले आहे: जुलैत झोपण्याच्या खोलीच्या फरशीच्या सांध्यातून पाणी वर येत होते, कपाटाच्या मागच्या फळीला पांढरी बुरशी होती, आणि आतून तीनदा केलेले जलरोधक लेपन पापुद्र्यासारखे सुटले होते. पाणी बाहेरून दाबाने येत असते. आतला लेप त्याला थोपवू शकत नाही.

भिंतीविषयी लोक उंची वाढली की खर्च त्याच प्रमाणात वाढेल असे धरून चालतात. मातीचा दाब उंचीच्या वर्गाने वाढतो आणि भिंत उलथवण्याचा जोर घनाने. म्हणजे दीड मीटरची भिंत तीन मीटर केली की दाब चौपट, उलथवण्याचा जोर आठपट. म्हणून एका तीन मीटरच्या भिंतीऐवजी दीड-दीड मीटरच्या दोन घालाव्यात, मात्र त्यांच्यामधले आडवे अंतर खालच्या भिंतीच्या उंचीच्या दुप्पट तरी हवे. त्याहून जवळ घातल्या तर वरचीचा भार खालचीवर येतो आणि दोन भिंती घालूनही एकाच उंच भिंतीचे काम त्यांना करावे लागते. भिंतीमागची माती पाण्याने पूर्ण भरली तर दाब कोरड्याच्या साधारण दुप्पट होतो. भिंती फुगतात आणि पडतात त्या बहुतेक पाण्यामुळेच. मागे ३० सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर, खडी आणि माती यांच्यामध्ये गाळणीचे कापड, आणि दर दीड मीटरवर ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाचे, बाहेरच्या बाजूस किंचित उतरते नळ. नळ नुसते दाखवण्यापुरते बसवून मागे चिकण माती भरलेली मी पुष्कळदा पाहतो. अशा भिंतीतून पावसात पाण्याचा थेंब येत नाही आणि मालक त्यालाच पक्के काम समजतो. मीटर-सव्वा मीटरपर्यंत आपला सुका चिऱ्याचा गडगा, तळाची रुंदी उंचीच्या निम्मी ठेवून, उत्तम काम देतो, कारण त्याचा प्रत्येक सांधा पाण्याला वाट देतो. त्याहून उंच भिंतीला अभियंत्याचा आराखडा असल्याशिवाय हात लावू नये.

पायासाठी आयएस १९०४ हे भारतीय मानक दोन साध्या मर्यादा देते, त्या तरी ठेकेदाराकडून पाळून घ्या. फुटिंगच्या (पायाच्या रुंद तळाच्या) खालच्या कडेपासून उताराच्या पृष्ठभागापर्यंतचे आडवे अंतर कातळात किमान ६० आणि मातीत ९० सेंटिमीटर हवे. आणि वाळूसारख्या दाणेदार मातीत शेजारशेजारची दोन फुटिंगे वेगवेगळ्या खोलीवर असतील तर त्यांच्या जवळच्या खालच्या कडा जोडणारी रेषा आडवे दोन, उभे एक यापेक्षा तीव्र नसावी. पायाचा तळ नेहमी आडवा, पायऱ्या-पायऱ्यांचा. जमिनीबरोबर तिरका काढलेला चर कधीही मान्य करू नये.

आरसीसीचे कॉलम घेणार असाल तर उतारावर एक वेगळाच धोका असतो. वरच्या बाजूचे कॉलम आखूड आणि खालच्या बाजूचे लांब होतात. कॉलमचा ताठपणा त्याच्या उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. एक मीटरचा मोकळा कॉलम दोन मीटरच्या कॉलमपेक्षा आठपट ताठ असतो आणि भूकंपात आडवा जोर प्रामुख्याने तोच ओढून घेतो, तडकतोही तोच. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या भागात अजून घराघरांत आठवला जातो, तेव्हा हे पुस्तकी भय म्हणून सोडून देऊ नये. उपाय कठीण नाही: जमिनीलगत सर्व कॉलम बीमने बांधून घेणे आणि अभियंत्याला जमिनीच्या खऱ्या पातळ्या देणे, शहरात बसून सपाट जमीन धरून केलेला हिशेब इथे चालत नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर बैठ्या घराला कॉलम हवेतच असे नाही. जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छपराच्या पातळीवर सलग आरसीसी पट्टे घातलेल्या भारवाहक चिऱ्याच्या भिंती आणि पायऱ्यांचा सलग पाया हे या जमिनीला अधिक शोभणारे आणि स्थानिक गवंड्यांच्या हातात बसलेले काम आहे.

आपण वास्तुशास्त्राविषयी एक ओळ लिहिली आहे: उतार पश्चिमेला, म्हणून दोष, तेव्हा नैऋत्येला भराव घालून तो कोपरा उंच करावा, असा सल्ला कोणी दिला आहे. श्रद्धेविषयी मी बोलणार नाही, पण नैऋत्य हा आपल्या जागेचा सर्वांत खालचा आणि वळवाच्या नव्हे, मोसमी पावसाच्या थेट माऱ्यातला कोपरा आहे, आणि सर्वांत उंच भिंत नेमकी तिथे उभी करणे घराच्या हिताचे नाही. उंची हवीच असेल तर छपराची रचना किंवा पाण्याच्या टाकीची जागा यांतून ती साधता येते; टाकी तिथे भिंतींवर ठेवलेली चालेल, मातीच्या भरावावर नाही. पूर्वेचे दार मात्र आपल्याला अनायासे मिळते आहे.

पश्चिमेकडे मोकळा उतार म्हणजे दृश्य चांगले, आणि पावसाचा मारा व दुपारचे ऊनही तिथूनच. पडवी किमान अडीच मीटर रुंद, वळचण मीटरभर पुढे, आणि त्या बाजूला काचेची सबंध भिंत करण्याचा मोह टाळलेला बरा. शौचालयाची टाकी आणि शोषखड्डा अर्थातच खालच्या अंगाला जातील. पण शोषखड्डा भिंतीच्या किंवा उताराच्या कडेला नको, कारण त्यातले पाणी सरळ भिंतीमागेच जाते. शेजाऱ्याची विहीर आपल्या खाली असेल तर तिच्यापासून अठरा-वीस मीटरच्या आत मी शोषखड्डा येऊ देत नाही. सच्छिद्र जांभ्यात हे अंतर आणखी वाढवता आले तर वाढवावे.

वेळापत्रकाबाबत ठेकेदाराचे 'पावसाळ्यापूर्वी' हे सर्वांत चुकीचे आहे. मे महिन्यात उघडी केलेली जमीन जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्या मोठ्या पावसाला सापडते. यंदा मोजणी, खड्डे आणि पावसाळ्यातली पाहणी करावी. सप्टेंबरपर्यंत नकाशा आणि परवानगी. दसऱ्यानंतर वरची चर सर्वांत आधी, मग वाहनतळाची भिंत, मग पाया. जोत्यात भरायचा मुरूम वीस-बावीस सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस करून भरावा. एप्रिल-मेमध्ये बांधकामाला टँकरचे पाणी घ्यावे लागेल हे अंदाजपत्रकात धरा, आणि छप्पर व सगळ्या चरी १५ मेपर्यंत पूर्ण होतील असा करार करा. मागचा पंधरा मीटरचा उतार जसा आहे तसा राहू द्या. तिथली कलमे आणि काजू तोडू नका, मोकळ्या पट्ट्यात समपातळीवर वाळ्याच्या रांगा लावल्या तर माती धरून राहते.

करारात खोदाई 'एकरकमी' लिहून घेऊ नका. माती, मुरूम, मऊ जांभा आणि कठीण कातळ यांचे दर वेगळे असतात आणि सगळा वाद 'कातळ लागला' या दोन शब्दांवर होतो. चारही दर आधीच लिहून घ्यावेत, काम सुरू होण्यापूर्वीच्या पातळ्यांच्या नकाशावर दोघांच्या सह्या असाव्यात, आणि देयक खड्ड्यात मोजून ठरावे, ट्रकच्या फेऱ्या मोजून नव्हे, कारण फुगलेली माती फेऱ्यांत वीस-तीस टक्के जास्त भरते.